लुगडे आणि साडी : एका काठाचा प्रश्न

दलित आत्मकथनांच्या भाषेविषयी मराठी समीक्षेने आजवर पुष्कळ लिहिले आहे. ही भाषा रांगडी आहे, बोलीतली आहे, शिवराळ आहे, जिवंत आहे, अशी विशेषणे तिला मुक्तहस्ताने दिली गेली. परंतु विशेषण देणे म्हणजे अर्थ लावणे नव्हे. ज्या शब्दांच्या पोटात एका समाजाचा इतिहास आहे ते शब्द ‘बोलीतील रूप’ म्हणून बाजूला काढायचे, त्यांच्यापुढे प्रमाण मराठीतला एक प्रतिशब्द ठेवायचा आणि मोकळे व्हायचे, ही रीत अजून गेलेली नाही. ‘लुगडे’ हा असाच एक शब्द आहे. लुगडे म्हणजे साडी. फार तर नऊवारी साडी. एवढ्यावर अर्थ संपला असे मानले जाते. प्रस्तुत लेखाचा मुद्दा असा की, दलित स्त्रीच्या इतिहासात आणि तिच्या लेखनात हे दोन शब्द समानार्थी नाहीत. त्यांच्यातील अंतर नुसते वारांचे नाही आणि नुसते काळाचेही नाही. त्या दोन शब्दांच्या मध्ये एक निर्णय उभा आहे, आणि तो निर्णय बायांनी घेतलेला आहे.

प्रथम शब्दांचे कूळ पाहू. ‘साडी’ हा शब्द संस्कृत ‘शाटी’, ‘शाटिका’ यांच्या वंशातला. ‘लुगडे’ या शब्दाचे सोयरे लोकभाषांत सापडतात. हिंदी मुलखातल्या बोलींत ‘लुगा’ म्हणजे कापड. गुजरातीत ‘लूगडुं’ म्हणजे कोणतेही वस्त्र. मराठीने तो शब्द फक्त स्त्रीच्या अंगावर ठेवला. एवढ्यावरून कोणी झटकन असा निष्कर्ष काढील की, साडी हा वरच्यांचा शब्द आणि लुगडे हा खालच्यांचा. ते खरे नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुण्यातली ब्राह्मण स्त्रीही लुगडेच नेसत होती. नवरा मेला आणि केशवपन झाले की तिच्या अंगावर लाल आलवण चढे. तोवर तीही लुगड्यातच वावरे. पुढे पाचवारी गोल नेसण्याची चाल आली, गिरण्यांचे तलम कापड आले, तेव्हा शहरी मध्यमवर्गाने ‘पातळ’ हा शब्द जवळ केला, आणि त्यानंतर ‘साडी’ हा शब्द सार्वत्रिक झाला. म्हणजे एके काळी लुगडे हा साऱ्या मराठी स्त्रियांचा समाईक शब्द होता. पाटलिणीचेही लुगडे आणि महारणीचेही लुगडेच.

शब्द समाईक होता. मग वस्त्रही समाईक होते काय?

या प्रश्नाचे उत्तर कोशात मिळत नाही. ते बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या १९८६ साली पुस्तकरूपाने आलेल्या आत्मकथनात मिळते. बेबीताई सांगतात की, बाई महाराची आहे हे तिच्या लुगडे नेसण्यावरून ओळखू येत असे. वरच्या जातीच्या बायकांनी निऱ्या अशा घालायच्या की लुगड्याचा काठ दिसला पाहिजे. महाराच्या बाईने मात्र तो काठ निऱ्यांच्या आत दडवायचा. काठ दिसला तर तो वरच्यांचा अवमान ठरे. ही माहिती समीक्षकांनी ‘त्या काळच्या चालीरीती’ या सदरात टाकली आणि ते पुढे गेले. वस्तुतः या एका तपशिलात सारी वर्णव्यवस्था उभी आहे.

काठ ही लुगड्याची शोभा. विणकराचे कसब काठपदरात दिसते, दुकानदार किंमत सांगताना आधी काठ उलगडून दाखवतो, आणि बाईही लुगडे निवडताना काठच पाहते. समजा, महारवाड्यातल्या एखाद्या बाईने पैपैसा जोडून काठाचे लुगडे घेतलेच. गावाने तिला ते घेऊ दिले. पण घेतल्यावर त्यातला जो भाग पाहण्यासाठी विणलेला आहे, तोच तिने स्वतःच्या हाताने झाकला पाहिजे! या नियमाची धूर्तता पाहा. वस्तू तुझी, पण तिचा अर्थ तुझा नाही. पैसे तुझे गेले तरी शोभा आमची राहिली. दारिद्र्याने बाईच्या अंगावर फाटके येते हे जगात सर्वत्र आहे. परंतु अंगावर धड वस्त्र आल्यावरही ते निम्मे लपवायला लावणे, हे केवळ दारिद्र्याचे काम नव्हे. तेथे जात काम करीत होती.

म्हणून या दोन लुगड्यांतला भेद नामात शोधून सापडणार नाही. तो क्रियापदात आहे. मराठीत चोळी घालतात, शाल पांघरतात, पदर घेतात आणि लुगडे नेसतात. घालणे एकदाचे असते. नेसणे हे रोज सकाळी नव्याने करावे लागते. त्यात हात असतो, सवय असते, आईने लेकीला दिलेले वळण असते. व्यवस्थेने आपला नियम नेमका या वळणात रोवला. तो पाळायला रोज चौकीदार लागत नव्हता. बाईच सकाळी उठून तो स्वतःच्या कमरेला खोचत होती.

आपल्या गावगाड्यात हा नियम तोंडी चालत आला. दक्षिणेत त्रावणकोर संस्थानात तोच कागदावर उतरला, आणि वस्त्रांच्या दोन नावांतला फरक म्हणजे काय असतो ते तेथे अधिक उघडपणे दिसते. नाडर समाजाच्या स्त्रियांना तेथे छाती झाकण्याची मनाई होती. त्यांतल्या अनेकजणी ख्रिस्ती झाल्या आणि त्यांनी अंग झाकण्याचा हक्क मागितला. १८१४ साली कर्नल मन्रो याने ख्रिस्ती नाडर स्त्रियांना ‘कुप्पायम’, म्हणजे सिरियन ख्रिस्ती व मोपला बायका घालीत तसा आखूड झगा, घालण्याची मुभा दिली. पण नायर वगैरे वरच्या जातींच्या स्त्रिया खांद्यावरून घेत ते उपरणे, म्हणजे ‘मेलमुंडू’, त्यांना दिले नाही. १८२९ च्या जाहीरनाम्याने हाच भेद पुन्हा पक्का केला: कुप्पायम चालेल, मेलमुंडू चालणार नाही. पुढे दंगली उसळल्या आणि १८५९ साली सर्व नाडर स्त्रियांना अंग झाकण्याची परवानगी मिळाली. तीही सवर्ण स्त्रियांसारखे वस्त्र घ्यायचे नाही या अटीवर. प्रश्न लज्जेचा असता तर दोन्ही वस्त्रे सारखीच होती, दोन्हींनी अंग झाकतेच. सरकारने एकाला हो म्हटले आणि दुसऱ्याला नाही, कारण एक वस्त्र शरीर झाकत होते आणि दुसरे जात झाकत होते. शरीर झाकायला राजाची हरकत उरली नव्हती. जात झाकली जाऊ नये एवढीच त्याची चिंता होती. आपल्याकडचा काठाचा नियम याच जातीचा आहे.

आता लुगड्याच्या आणखी एका नात्यातल्या शब्दाकडे वळू. तो शब्द ‘जुनेर’. जुनेर म्हणजे वापरून जुने झालेले लुगडे, असा त्याचा सरळ अर्थ. पण हा शब्द पाटलाच्या वाड्यात एका अर्थाने बोलला जाई आणि महारवाड्यात दुसऱ्या. वाड्यातली बाई लुगडे जुने झाले की त्याला जुनेर म्हणे. महारवाड्यातल्या कितीतरी जणींच्या हाती वस्त्र येई तेच मुळी जुनेर म्हणून. दुसरीच्या अंगावर ते आधी संपलेले असे. मग विटलेला मधला भाग कापून काढायचा, उरलेले दोन तुकडे जोडून दंड घालायचा, तो दंड उसवला की ठिगळ लावायचे, आणि ठिगळालाही जागा उरली नाही की त्याची वाकळ शिवायची. वस्त्राचा जन्म एकीकडे आणि त्याचे म्हातारपण दुसरीकडे, अशी ही वाटणी होती.

त्याहूनही खालची एक पायरी होती. मढ्यावरचे कापड हा महाराचा ‘हक्क’ मानला जाई. हक्क हा शब्द किती विटाळता येतो याचे दुसरे उदाहरण शोधावे लागणार नाही. आणि ही केवळ गावाची रीत नव्हती. तिला ग्रंथाचा आधार होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातील बावन्नावा श्लोक चांडाळ आणि श्वपाक यांच्यासाठी मृतांची वस्त्रे नेमून देतो. सवर्ण समाज मेलेल्याच्या वस्त्राला अपवित्र मानीत होता आणि तेच वस्त्र जिवंत माणसांना पोशाख म्हणून नेमून देत होता.

कापडाशी दलितांचे नाते केवळ वापरणाऱ्याचे होते असेही नाही. विदर्भात महार समाजातील कितीतरी कुटुंबे जाडेभरडे कापड विणून पोट भरत. ग्रामीण लुगड्यांच्या धाग्यात त्यांचा घाम होता. पुढे मुंबईत गिरण्या आल्या, तेथे महाडपासून साताऱ्यापर्यंतचा दलित कामगार गेला. पण साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, त्याला प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तुटला की तो तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा दुसऱ्या कामगाराला चालत नव्हता. अधिक मजुरीचे खाते अशा रीतीने बंद झाले. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. सूत काढायला हात चालत होता, कापड विणायला तोंड चालत नव्हते! ज्या गिरण्यांतून तलम साडी बाहेर पडली, त्या गिरण्यांतच साडीचा एक अर्थ आधी ठरून गेला होता.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे डिसेंबर १९२७ मध्ये महाडला काय घडले याचा नीट उलगडा होतो. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. मेलेल्यांची वस्त्रे नेमून देणारा ग्रंथ जळाला. त्याच परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब जमलेल्या स्त्रियांशी बोलले, आणि बोलता बोलता ते लुगड्यावर आले. लुगडे नेसण्याची तुमची तऱ्हा ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका. स्पृश्य स्त्रिया नेसतात तसे नेसा. त्याला काही खर्च पडत नाही, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. अंगावरच्या कथलाच्या आणि चांदीच्या दागिन्यांच्या राशी टाका, कपडा फाटका असला तरी चालेल पण तो स्वच्छ ठेवा, मुलींना शिकवा, असेही त्यांनी सांगितले. परिषदेला साथ देणाऱ्या काही सवर्ण घरांतल्या स्त्रियांनी नव्या तऱ्हेने नेसायला हातभार लावला, आणि गुडघ्यापर्यंत असलेली लुगडी घोट्यापर्यंत उतरली.

महाडचे तळे आणि महाडचा अग्नी यांविषयी आपण भरभरून लिहिले. या तिसऱ्या घटनेविषयी मात्र हात आखडता घेतला. स्त्रियांच्या सभेतला किरकोळ उपदेश म्हणून ती चरित्रांच्या कडेला राहिली. पण ‘त्याला खर्च पडत नाही’ हा विचार किती मूलगामी आहे! बाबासाहेब नवे वस्त्र घ्यायला सांगत नाहीत. वस्त्र तेच, वारही तेवढेच, फाटले असेल तर फाटलेलेही तेच. बदलायचे ते फक्त नेसणे. दारिद्र्य उद्या जाईल, परवा जाईल. पण दारिद्र्याच्या आडोशाला बसलेली गुलामी आज, आत्ता, या मंडपातच सोडता येते. तळ्याचे पाणी घ्यायला सरकार, कोर्ट, सनातनी यांच्याशी झगडावे लागले. लुगड्याच्या निऱ्या बदलायला फक्त स्वतःचा हात लागत होता. त्यानंतर गावी परतल्यावर त्या बायांना काय सोसावे लागले असेल, हा भाग वेगळा. तो धोका पत्करूनच हा निर्णय झाला.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून चालणार नाही. स्पृश्य स्त्रियांसारखे नेसा असे सांगणे म्हणजे सवर्णांचे अनुकरण नव्हे काय? समाजशास्त्राच्या परिभाषेत याला संस्कृतीकरण म्हणण्याची सोय आहे. आमच्या मते हा आक्षेप खूण आणि आदर्श यांत गल्लत करतो. अंगावर डागलेली खूण पुसणे म्हणजे डागणाऱ्याचा चेहरा घेणे नव्हे. आणि याचा पुरावा पुढच्या इतिहासानेच दिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेसाठी लोटलेला समाज पांढऱ्या वस्त्रांत होता. बाबासाहेब पांढऱ्या पोशाखात होते आणि बाया पांढऱ्या साड्यांत. अनुकरणच करायचे असते तर हिरवे नेसले असते, जरीचे नेसले असते. ज्या संस्कृतीच्या कथा-कादंबऱ्यांत आणि सिनेमांत पांढरी साडी म्हणजे वैधव्य, तिच्या डोळ्यांदेखत आमच्या सवाष्ण बायांनी पांढरे नेसले, आणि आजही बौद्ध नवरी पांढरी साडी नेसून मंगल परिणयाला उभी राहते. १९२७ ला खूण पुसली, १९५६ ला स्वतःचा अर्थ लिहिला. पहिल्या पायरीवाचून दुसरी शक्य नव्हती.

आता ‘लुगडे’ आणि ‘साडी’ यांतले अंतर स्पष्ट होईल. सवर्ण स्त्रीच्या बाबतीत लुगड्याचे पातळ झाले, पातळाची साडी झाली, ती वस्त्राची सोय बदलली म्हणून. दलित स्त्रीच्या बाबतीत लुगड्यापासून साडीपर्यंतचा प्रवास हा नियम मोडण्याचा प्रवास आहे. म्हणून महारवाड्यातली एखादी म्हातारी ‘आता समद्या साड्या नेसत्यात’ असे म्हणते, तेव्हा ती फॅशनविषयी बोलत नसते. एका पिढीने काय टाकले आणि पुढच्या पिढीला काय टाकावेच लागले नाही, याचा हिशेब ती सांगत असते.

आमची तक्रार केवळ प्रस्थापित समीक्षेपुरती नाही. दलित कवितेकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. आईचे फाटके लुगडे ही आपल्या कवितेतली एक ठरून गेलेली प्रतिमा आहे. तिच्यामागची वेदना खरी आहे. त्याबद्दल वाद नाही. पण प्रतिमा वारंवार वापरली की ती गोठते. या कवितांतली आई नेहमी फाटक्या लुगड्यात, नेहमी चुलीपाशी किंवा ओझ्याखाली, आणि नेहमी मुकी. मुलगा शिकतो, विद्रोह करतो, कविता लिहितो. आई मात्र त्याच्या विद्रोहाचे कारण होऊन कोपऱ्यात बसते. लुगडे तिच्यावर नशिबासारखे पडलेले असते. तिने ते कधी बदलून नेसले होते, निऱ्यांतून काठ बाहेर काढला होता, महाडहून आलेली बातमी ऐकून शेजारणीला नवे वळण शिकवले होते, हे कवीच्या ध्यानात येत नाही. बेबी कांबळे यांच्या लेखनातले लुगडे आणि या कवितांतले लुगडे यांत हाच फरक आहे. एक दयेचे लुगडे आहे, दुसरे निर्णयाचे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ च्या ग्रंथात चळवळीतल्या बायांचे बोल नोंदवून ठेवले, ते कोणासाठी? त्या बोलांशी ताडून पाहिल्यावर आपल्या कवितेतली मुकी आई किती अपुरी आहे हे कळते.

शेवटचा मुद्दा आजचा आहे. लुगडे नेसणाऱ्या बाया आता खेड्यांतही थोड्या उरल्या. त्याच वेळी नऊवारी मात्र मोठ्या थाटाने परत आली आहे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत, लग्नमंडपांत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत आयती शिवलेली नऊवारी मिळते. नेसावीही लागत नाही, घालता येते. ही महाराष्ट्राची परंपरा, असे अभिमानाने सांगितले जाते. कोणाला काय आवडते याविषयी आमचे भांडण नाही. आमच्या मुलींनीही ती हौसेने घालावी. पण ‘परंपरा’ हा शब्द उच्चारताना थोडे थांबावे. त्या परंपरेत दिसणारा रुंद जरीकाठ सर्वांच्या निऱ्यांवर झळकत नव्हता. काहींच्या निऱ्यांत तो आत दुमडलेला होता. ती घडी इस्त्री करून मोडता येईल, विसरून मात्र मोडता येणार नाही. हीच गोष्ट अनुवादाची. २००८ साली माया पंडित यांच्या अनुवादाने बेबीताईंचे पुस्तक इंग्रजीत गेले, ही मोठीच गोष्ट झाली. इंग्रजी वाचकापुढे लुगड्याची साडी होणार, त्याला इलाज नाही. पण मराठी वाचकाला ती सवलत नाही. त्याच्या भाषेत दोन शब्द आहेत आणि दोन्हींचा अर्थ त्याला ठाऊक असला पाहिजे.

दलित साहित्याच्या समीक्षेने म्हणूनच आता शब्दार्थसूच्यांकडे नव्या नजरेने पाहावे. जुनेर, दंड, वाकळ, धडुते, लुगडे हे ग्रामीण जीवनाचे रंग नव्हेत. ते कायद्याचे शब्द आहेत. ज्या कायद्याने कोणी काय नेसावे, कसे नेसावे आणि त्यातले किती दाखवावे हे ठरवले, त्या कायद्याचे. तो कायदा महाडच्या मंडपात कमरेच्या एका नव्या वळणाने मोडला गेला. ‘लुगडे म्हणजे साडी’ असे लिहून आपण पुढे जातो, तेव्हा ज्या हातांनी तो काठ बाहेर काढला, त्या हातांचे काम आपण पुन्हा निऱ्यांत दडवत असतो.